धरमकाट्यावरची पंगत

माझ्या सख्ख्या दिराने मला जेवायला बोलावलं आणि पानावर बसवण्याआधी ट्रकच्या वजनकाट्यावर उभं केलं.

"वहिनी, हलू नका. श्वास घेतला तर चालते, पण बेतानं."

मी बेतानं श्वास घेतला. समोरच्या खांबावरच्या पाटीत, अख्ख्या अमरावती रोडला वाचता येईल अशा तांबड्या आकड्यांत, माझं वजन उमटलं. सत्तर.

"सत्तर नाही हो भाऊजी, सदुसष्ट आहे! परवाच डॉक्टरांकडे केलं."

"काटा दहाच्या खाली बोलत नाही वहिनी. ट्रकवाला आहे तो. त्याच्यापाशी चिल्लर नसते."

हे माझे मनोहर भाऊजी. वय वर्षं बहात्तर, अंगाने चिपाड, कानामागे कायम एक पेन्सिल. उभी हयात त्यांनी नागपूरबाहेर वाडीच्या पुढे, गोदामांच्या रांगेतल्या एका धरमकाट्यावर ट्रक तोलण्यात घालवली. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग माल भरून तोलायचा, आणि दोन्हींतली वजाबाकी म्हणजे खरा माल. एवढंच ते काम. पण भाऊजींनी त्यातून एक आख्खं तत्त्वज्ञान काढलं. "आधी खाली, मंग भरेल," हे त्यांचं उठता-बसता वाक्य. 'खाली' म्हणजे रिकामा हे नागपुरात वेगळं सांगावं लागत नाही. कुणी नवा मनुष्य भेटला आणि फार गोड बोलू लागला की भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटणार, "वहिनी, हा भरेल आहे. खाली पाहिल्याशिवाय भरोसा ठेवू नका."

त्यांना कुठलीही वस्तू दिसली की तोलल्याशिवाय चैन पडत नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा लोक झबली-टोपडी घेऊन आले, भाऊजी पार्सलचा काटा घेऊन आले. महिनाभर रोज तोलून ते पाळण्याला चिठ्ठी टाचत. एक दूध पिण्याआधीची, एक नंतरची. सक्करदऱ्याच्या बाजारात संत्रेवाल्या बायका त्यांना लांबून पाहिलं की तराजूवर पदर टाकत. गणपती आणला की आरतीआधी मूर्ती तोलायची. एका वर्षी म्हणाले, "यंदा बाप्पा दोन किलोनं उतरले. काळजीत दिसतात."

आणि भाऊजींसाठी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तर आमच्या घराण्यात अजून सांगतात. मी तेव्हा दोन वर्षं जुनी, म्हणजे स्वतःच्या मते फार अनुभवी सून. भिवापूरला मंदाला पाहायला गेलो. पोहे झाले. सासरे म्हणाले, मनोहर, काही विचारायचं असेल तर विचार. गाणं येतं का, शिवण येतं का, असलं काही विचारतील म्हणून सगळे कान टवकारून बसले. भाऊजींनी विचारलं, "वजन किती तुमचं?"

माझ्या सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मंदाने मान वर केली आणि विचारलं, "खाली पोटी, का जेवल्यावर?"

लग्न तिथेच ठरलं. बाकीची बोलणी नुसती रीत म्हणून झाली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि कळलं नाही तर बरं असं मला पन्नास वर्षं वाटत आलं आहे.

मी लग्नात माहेराहून एक कपाट, एक शिवणयंत्र आणि पाककलेच्या वर्गाचं प्रशस्तिपत्रक घेऊन आले होते. पहिला क्रमांक. ते मी चौकटीत घालून स्वयंपाकघरात टांगलं होतं, फोडणीच्या बरोब्बर वर. पाहुणा आला की मी मुद्दाम तिथली धूळ पुसायला घेई. माझ्याकडे मोजायचे चमचे होते, पाव, अर्धा, पाऊण. माझ्या भाजीला कुणी नावं ठेवत नसत. कुणी नावही काढत नसत, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मंदा आली ती माहेरच्या लाल मिरच्यांचं पोतं घेऊन. तिला ना चमचा, ना माप. तिने पहिल्याच रविवारी पाटवडी-रस्सा केला. बेसनाच्या थापून कापलेल्या वड्या आणि वर झणझणीत तर्रीचा रस्सा, आमच्याकडचा नेहमीचाच प्रकार. पण सासरे दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, "हे झालं जेवण." माझ्या दोन वर्षांच्या सेवेला ते कधी 'हे झालं' म्हणाले नव्हते.

मी, पहिल्या क्रमांकाची, त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या रविवारी मंदा अंगणात गेलेली पाहिली आणि चटणीसाठी भाजून कुटलेल्या जवसाची एक मूठ तिच्या रस्स्यात टाकली. जवसाने रस्सा बुळबुळीत होतो, अशी माझी शास्त्रीय माहिती. चांगलं ढवळलं, झाकण ठेवलं, आणि साळसूदपणे पापड भाजायला बसले.

सगळे जेवायला बसले. पहिला घास गेला आणि पंगत गप्प झाली. मला वाटलं, झालं, बुडाली मंदा. कुणी बोलेचना. सासऱ्यांची मान खाली, माझ्या यजमानांची मान खाली. मग सासऱ्यांनी नाक पुसलं आणि इतकंच म्हणाले, "मंदा, बाई, आणखी आहे का?"

पातेलं पुसून खाल्लं लोकांनी. मी सुद्धा. काय सांगू, रस्स्याला असं अंग आलं होतं की बस.

पुढच्या रविवारी मी अर्थातच काही टाकलं नाही. सासरे म्हणाले, "चांगला आहे वं मंदा, पण मागच्यासारखा नाही." पोरीचं तोंड इतकंसं झालं. त्यावर मला आनंद व्हायला हवा होता. व्हावा म्हणून मी बरीच खटपट केली. झाला नाही. तेव्हा त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा मूठ टाकली.

आणि मग टाकतच राहिले. पुढे वर आम्ही आणि खाली ते, अशी दोन बिऱ्हाडं झाली तरी सुटका नाही. रस्स्याचा वास जिन्यावरून आला की मी काहीतरी मागायला खाली. सांडशी द्या, साखर द्या, मांजर इकडे आलं का. पदराआड मूठ. वाईट करायला गेलेल्या बाईला चांगलं करायची अशी जन्मठेप झालेली तुम्ही पाहिली आहे का? मंदाच्या रस्स्याचं नाव सगळ्या नातेवाइकांत गाजलं, आणि मी तिला एकदाही, एकदाही म्हटलं नाही की मंदा, छान झालाय. म्हणणार कसं? अर्धं कौतुक माझं मलाच केल्यासारखं झालं असतं. आणि उरलेलं अर्धं, खरं सांगायचं तर, जीभ उचलत नव्हती म्हणून राहिलं.

मंदा तीन वर्षांपूर्वी गेली. घरात दोघांनाही ताप आला होता. भाऊजी दवाखान्यातून परत आले, ती आली नाही.

त्याच सुमारास काटाही बंद पडला होता. पलीकडच्या वळणावर नवे मोठे काटे आले, ट्रक तिकडे जाऊ लागले. मालक भला माणूस, त्याने किल्ली भाऊजींच्याच हातावर ठेवली, म्हणाला, तुम्हीच सांभाळा. लोकांनी विचारलं, आता तिथे काय करणार? भाऊजी म्हणाले, "माणसं तोलतो."

आम्हाला वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी खरंच सुरू केलं. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, दर शनिवारी संध्याकाळी. त्यानंतर नाही, कारण उन्हाळ्यात त्या पोलादावर बसलं तर माणसाचाच पापड भाजून निघेल. भाऊजी खालचं बिऱ्हाड सोडून काट्यावरच राहायला गेले आणि चिठ्ठ्या फाडायच्या खोलीचं स्वयंपाकघर झालं. ड्रायव्हरला पावती द्यायच्या खिडकीतून आता भाकरी बाहेर येते. सोळा अनोळखी माणसं येतात, फोनवर नाव नोंदवून, कुणी धंतोलीहून, कुणी थेट वर्ध्याहून. माझी नात रेणू याला सपर क्लब म्हणते. मी पंगत म्हणते. फरक इतकाच, की पंगतीत ओळखीचे लोक रुसतात आणि सपर क्लबात अनोळखी लोक गोड हसतात.

सगळ्या पदार्थांच्या शेवटी भाऊजी वाढत पाटवडी-रस्सा. मंदाच्या वहीतून, ग्रामाग्रामाने तोलून. तोच जमावा म्हणून तर हा सगळा खटाटोप मांडलेला. आणि तोच जमत नव्हता. रेणू जाऊन आली होती, ती सांगायची, "आजी, मस्त असतो गं रस्सा! सगळे वाहवा करतात. आणि वाहवा झाली की काकाआजोबांचा चेहरा पडतो. म्हणतात, तारीफ करून राहिले म्हणजे नाही जमला. मंदाचा रस्सा खाल्ला की माणूस पहिले चूप होत होता."

का जमत नव्हता, हे जगात एकाच बाईला माहीत होतं. ती सक्करदऱ्याला पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

दोन वर्षं भाऊजी मला फोन करत राहिले. "वहिनी, शनिवारी या." मी म्हणे, गुडघे. मी म्हणे, एकादशी. एकदा मी शनिवारी एकादशी सांगितली तर म्हणाले, "एकादशी मंगळवारी होती वहिनी, मी साबुदाणा तोलला." एवढ्या वयात चोरी कबूल करणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळायचं नाही. शिवाय ती चोरी मेलेल्या बाईच्या नावाची. तिच्या रस्स्याचं यश तिच्याकडून काढून घ्यायचं? त्यापेक्षा गुडघे बरे.

मग परवा त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा.

"वहिनी, या शनिवारी शेवटचा करून पाहतो. नाही जमला तर पानातून रस्सा काढून टाकतो. मंदासोबत गेला म्हणतो. तुम्ही आल्या तर आल्या."

मी रेणूला म्हटलं, गाडी काढ.

आम्ही बाकीच्यांच्या आधी तासभर पोचलो. माझं सत्तर उमटलं ते तेव्हा. रेणूने हात देऊन मला त्या लांबलचक पोलादी पत्र्यावरून उतरवलं आणि भाऊजी मला खोलीत घेऊन गेले.

मी बरीच स्वयंपाकघरं पाहिली, पण असं नाही. प्रत्येक डब्यावर वजनाची चिठ्ठी. ओट्यावर सराफाकडे असतो तसला लहानसा काटा, काचेच्या पेटीत. मीठ एकसष्ट ग्राम. लसूण सोललेला इतका, सालासकट इतका. रस्सा शिजत होता, वर तर्री आली होती, आणि भाऊजी त्याच्याकडे घड्याळ पाहावं तसे पाहत होते.

"चाखून पाहिला का?" मी विचारलं.

"चाखनं म्हणजे अंदाज. मी अंदाजानं काम नाही केलं कधी." आणि लगेच, "वहिनी, एक दाखवायचं होतं तुम्हाले. बसा."

त्यांनी फडताळातून मंदाची वही काढली. तेलाचे डाग पडलेली, शाळेच्या पोरांची असते तशी. पाटवडी-रस्सा असं वर लिहिलेलं. खाली मंदाचं गिचमिड अक्षर: मिरच्या अंदाजाने, खसखस अंदाजाने, खोबरं दिसेल तेवढं. प्रत्येक 'अंदाजाने'वर भाऊजींनी पेन्सिलीने काट मारून ग्राम लिहिले होते. चाळीस-चाळीस वेळा करून पाहून काढलेले ग्राम. पानभर पेन्सिल. आणि अगदी शेवटची ओळ तेवढी कोरी, तिला पेन्सिल लागलेली नव्हती.

"हे वाचा," भाऊजी म्हणाले. "एवढीच एक ओळ तोलता नाही आली."

मी चष्मा लावला.

'शेवटी जाऊबाई येऊन जातील. तोवर झाकण उघडं ठेवावं.'

मी ती ओळ वाचली. परत वाचली. चष्मा पुसला आणि परत वाचली.

मग मला एकेक आठवू लागलं. मी सांडशी मागायला खाली गेले की मंदा म्हणायची, "जाऊबाई, बसा हं, मी तुळशीला पाणी घालून येते." दर वेळी. बरोब्बर त्या वेळी. भर दुपारी बाराला तुळशीला पाणी! त्या बाईने तीस-पस्तीस वर्षांत किती तुळशी पाणी घालघालून सडवल्या! आणि मी वर जिना चढताना स्वतःला शाबासकी देत होते, की कशी हातोहात फसवली भोळीला. पहिला क्रमांक!

"मले वाटलं तुमचा पायगुण असन," भाऊजी सांगत होते. "मंदा अशी काही मानायची. म्हणून म्हटलं, तुम्ही येऊन गेल्या तर एक वेळ सगळं लिहिल्याप्रमाणे होईन. म्हणून फोन करून राहिलो होतो दोन वर्सं. तुमाले तरास झाला असन."

हा मनुष्य आयुष्यात अंदाजाने पाव किलो वांगी घेणारा नाही. आणि वहीत लिहिलं आहे म्हणून तो दोन वर्षं पायगुणाची वाट पाहत होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "पायगुण नाही हो. हात होता. मी चोरून जवस टाकत होते तिच्या रस्स्यात."

आणि मग मी सगळं सांगितलं. प्रशस्तिपत्रक, मत्सर, पापड, मांजर, सगळं. पहिली मूठ बिघडवायला टाकली होती, हेही सांगितलं. सांगताना माझे कान तापले. बोलणं संपलं तेव्हा मी खाली फरशीकडे पाहत होते. आता हे काय म्हणतील? माझ्या मंदाचा संसार नासवायला निघाली होती ही बाई, असं म्हणतील? म्हणावंच त्यांनी.

भाऊजींनी कानामागची पेन्सिल काढली.

"किती ग्राम?"

"काय?"

"जवस. किती ग्राम टाकत होत्या?"

"अहो, मूठ. मूठभर!"

"मूठ म्हणजे किती? तवाची मूठ का आताची? संधिवात झाल्यावर मूठ वळते का तेवढी?" त्यांनी चटणीसाठी भाजून कुटलेल्या जवसाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि काचेच्या पेटीचं दार उघडलं. "घ्या मूठ. इथं टाका."

मी मूठ घेतली. छत्तीस ग्राम. "परत." एकेचाळीस. "परत." तेहतीस. भाऊजी कावरेबावरे झाले. "काहून बदलून राहिली वहिनी? मूठ तर तीच आहे ना?"

"मूठ तीच, पण मी पातेल्याकडे बघून घेते हो. पातेलं दिसलं की हाताला कळतं."

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे. मग काय झालं ते मी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मनोहर भाऊजींनी काचेच्या पेटीचं दार लावून घेतलं, काट्याचं बटण बंद केलं, आणि पातेल्यापासून दोन पावलं बाजूला झाले.

"मंग तुम्हीच टाका," म्हणाले. "मी जरा बाहेर जाऊन येतो."

आणि खरंच बाहेर गेले. मी रस्स्याकडे पाहिलं. सोळा माणसांचं पातेलं. तीन मुठी आणि वर चिमूटभर. ढवळलं. झाकण ठेवलं.

एव्हाना पाहुणे येऊ लागले होते. सूर्य गोदामांच्या पत्र्यांमागे उतरत होता. एकेकाला काट्यावर घेऊन आकडा वाचायचा, लोकांनी हसायचं, लाजायचं. एका थोराड गृहस्थांचे शंभर आले तर ते म्हणाले, "मोबाईल खिशात आहे हो!" मग सोळाही जण त्या पोलादावर सतरंज्यांवर बसले, दोन रांगा, पाठीला पाठ लावून, पानं काट्याच्या कडेला. मला रांगेच्या टोकाशी स्टूल, पायाशी रेणू. भाऊजी भोवतीने जमिनीवर फिरून वाढतात, काट्यावर पाऊल म्हणून ठेवत नाहीत. तोलणाऱ्याने काट्यावर उभं राहायचं नाही, हा त्या धंद्याचा नेमच आहे, नाहीतर तोल खोटा पडतो. त्यामुळे दोन वर्षांत ते या पंगतीला एकदाही बसलेले नाहीत.

सगळे स्थिर झाल्यावर भाऊजी खिडकीशी गेले. खांबावर अकराशे साठ दिसत होते. आम्ही सगळे, ताटवाट्या, पाण्याचे तांबे, सतरंज्या.

"आता मी काटा झीरो करतो," त्यांनी खिडकीतून सांगितलं. "बटण दाबलं की तुम्ही कोणी नाही. डॉक्टर नाही, वकील नाही, जाडे नाही, बारीक नाही. सगळे खाली. आता जे चढन ते फक्त जेवण."

बटण दाबलं. अकराशे साठचं शून्य झालं.

मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. संध्याकाळ झालेली, रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की पायाखालचं पोलाद किंचित थरथरत होतं, आणि डोक्यावर ते एकटं तांबडं शून्य. अठरा माणसं आपापली वजनं विसरून त्याखाली बसली होती. मी देवळांतून बसले आहे, मोठमोठ्या लग्नांतून बसले आहे. इतकं हलकं मला कुठे वाटलं नव्हतं. रेणूचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही.

मग जेवण सुरू झालं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, गोळाभात, कढी. बराच वेळ शून्य. मग कढीच्या दुसऱ्या वाटीला आकडा हलला आणि दहा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शंभरवाले गृहस्थ म्हणाले, "यातले पाच माझे!"

रस्सा शेवटी आला. भाऊजींनी प्रत्येकाच्या वाटीत वड्या ठेवल्या, वर रस्सा सोडला, आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे मला दिसत होते. तीन वर्षं तो माणूस याची वाट पाहत होता, आणि आता वळून पाहायची त्याची हिंमत नव्हती.

मी माझ्या वाटीला हात लावला नाही. लोकांकडे पाहत होते. पहिला घास. शंभरवाल्यांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होते, आणि राहिले. पाहुण्यांतली एक कॉलेजातली मुलगी कधीची मोबाईलवर फोटो काढत होती, तिने तो पालथा ठेवला. पलीकडच्या रांगेतून भाकरी मोडल्याचा आवाज आला. बस, तेवढाच. कोणी कोणाकडे पाहीना. रस्त्यावरून दोन ट्रक गेले, तिसरा गेला, तरी सोळा माणसं गप्प.

भाऊजी हळूहळू वळले. त्यांनी आख्खी रांग पाहिली, मग दुसरी रांग पाहिली. खिडकीची चौकट धरून तेवढे उभे राहिले.

पाहुणे गेले तेव्हा साडेआठसुद्धा वाजले नव्हते. रेणू गाडीत बसून तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी खोलीत गेले. भाऊजींनी दोन वाट्यांत रस्सा वाढून ठेवला होता. एक मला, एक स्वतःला.

"तुम्ही खाल्ला नाही ना? मी पाहत होतो," म्हणाले. "मीही नाही खाल्ला. घ्या."

आम्ही समोरासमोर बसलो. मी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं असं आधी वाटलं. होय. हाच. अगदी हाच.

भाऊजींनीही एक घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. चेहऱ्यावर काही नाही. पाणी पिताना असतो तसा चेहरा.

"भाऊजी? जमला की हो. तुम्हाला नाही लागत?"

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"वहिनी, कोनाले सांगू नका. मले काही लागत नाही. त्या तापानंतर चवच गेली, ती आली नाही. मीठ नाही, तिखट नाही, गोड नाही. डॉक्टर म्हणे येईन, येईन. नाही आली." कानामागच्या पेन्सिलीला उगाच हात लावला. "म्हणून तर तोलतो सगळं. लोकायच्या तोंडाकडे पाहतो. चूप झाले तर समजतो."

तीन वर्षं मी ज्याला त्यांचं वेड समजत होते, विक्षिप्तपणा म्हणून बायकांना हसून सांगत होते, ते हे होतं.

"मंदाचाच आहे ना?" त्यांनी विचारलं. "तुम्हाले आठवते म्हणून विचारतो. मले कसा लागत होता, ते बी आता आठवून नाही राहिलं. सांगता का? कसा लागते?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मंदाच्या रस्स्याबद्दल विचारत होतं, आणि मला टाळायचं नव्हतं.

"घास घ्या," मी म्हटलं. "घाई करू नका. पहिले काही लागत नाही. नुसता ऊन. मग लसूण येतो, पण कच्चा नाही, जळत आलेला, तेवढ्यात तिने खाली उतरवलेला."

भाऊजींनी डोळे मिटले. घास घेतला.

"मग तिखट. एकदम नाही येत. दारातच उभं राहतं. वाटतं, अरे, एवढंच? आणि मग कानामागून सगळं एकदम आत. पण जाळत नाही हो भाऊजी, तेच तर आहे. दुसऱ्या कुणाचा रस्सा जाळतो. हिचा रडवतो आणि पाठीवरून हात फिरवतो."

"मंग?"

"मग खोबरं. खसखस. जवसाची ती भाजकी चव अगदी शेवटी, जिभेच्या मागे. इतका छान, इतका छान होतो तिचा रस्सा की काय सांगू. मला नाही जमला कधी. जन्मात नसता जमला."

"मंग?"

माझ्या पोटात तिळाएवढी जागा नव्हती. पण शब्द संपले की पुढचा घास घ्यावाच लागत होता, आणि मी घेत राहिले.